अप्पांना न सांगता ट्रायलमध्ये कसं घालणार?

ताई,
माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. दोन महिन्यांपासून जिना चढताना दम लागायचा, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. तपासण्यांमध्ये एएमएल नावाचा रक्ताचा कॅन्सर निघाला. आठ वर्षांपूर्वी बायपास झालेली असल्यामुळे जोरदार केमो झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अझासिटिडीनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देऊ म्हणाले. शिवाय त्यांच्याकडे एक ट्रायल चालू आहे. त्यात हे दोन्ही आहेच, वर तिसरं एक नवं औषध. पण ते मिळणार की नुसती गोळी, हे कॉम्प्युटर ठरवणार. काका म्हणतात, ‘दादाला गिनिपिग करू नका.’ भाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो आजच सही करा. अप्पांना आम्ही कॅन्सर आहे हे सांगितलेलंच नाही, रक्तात इन्फेक्शन आहे असं सांगितलंय. ते रोज शब्दकोडं सोडवतात, दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चालतात, यंदाही जायचं म्हणतात. सध्या मी त्यांना पपईच्या पानांचा रस देते आहे. सही मी केली तर चालेल का? करावी का? मंगळवारी डॉक्टरांना सांगायचं आहे. माहितीपत्रकाचे फोटो सोबत पाठवते.
— धायरीची लेक

धायरीच्या लेकी,

तुला ‘तू’च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल.

आधी सहीचं. तुझी सही चालणार नाही. अप्पा शुद्धीत आहेत, शब्दकोडं सोडवतात. अशा माणसाच्या वतीने ट्रायलला संमती द्यायचा हक्क तुला नाही, तुझ्या आईलाही नाही आणि अमेरिकेतल्या भावाला तर नाहीच. २०१९ पासून आपल्याकडे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांचे जे नियम लागू आहेत, त्यांत नातेवाइकाची सही रुग्ण स्वतः संमती देण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हाच धरतात. काही ट्रायलमध्ये तर संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही होतं. कॅमेऱ्यासमोर कोऑर्डिनेटर विचारणार, “काका, तुम्हाला कुठला आजार आहे?” अप्पा सांगणार, “रक्तात इन्फेक्शन.” की झालं, काम तिथेच थांबलं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, कारण विचारणारी मीच असायचे.

अठ्ठावीस वर्षं मी रक्तविकार विभागात नर्स होते, त्यातली शेवटची अकरा ट्रायलची कोऑर्डिनेटर. एका हॉस्पिटलात, नाव नको, आमच्या वॉर्डाच्या दारावर ‘कॅन्सर’ लिहिलेली भली मोठी पाटी होती. एका आजोबांना ती दिसू नये म्हणून घरच्यांनी त्यांना मागच्या जिन्याने आणायचं ठरवलं. वरिष्ठांनी मान डोलावली, आम्हीही साथ दिली. आज त्याची लाज वाटते. तिसऱ्या आठवड्यात मी रात्रपाळीला होते तेव्हा आजोबा म्हणाले, “सिस्टर, त्या बाजूला लिफ्ट नाही हो. गुडघे दुखतात माझे. पुढून आणलंत तरी चालेल, पाटी मी पहिल्याच दिवशी वाचलीये.”

अप्पांनीही त्यांची पाटी वाचलेली असणार. कमरेच्या हाडात सुई घालून मॅरो, म्हणजे हाडातला मगज काढला, दर दोन दिवसांनी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे बघतात, मुलगी बोलता बोलता स्वयंपाकघरात निघून जाते. जन्मभर आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखलेल्या माणसाला एवढं कळत नसेल, असं तुला खरंच वाटतं? तुम्ही जे लपवताय ते बहुतेक त्यांनाच एकट्याला झेलावं लागतंय. तुम्हाला निदान एकमेकांशी बोलता तरी येतं.

सांगायचं कसं? आई घरात असताना, टीव्ही बंद करून बस. आधी विचार, “अप्पा, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?” आणि मग गप्प राहा. ही गप्प राहायची दोन मिनिटंच सगळ्यात अवघड जातात. ते विचारतील तेवढंच सांग, पण त्यात एकही गोष्ट खोटी नको. ‘माझ्याकडे वेळ किती?’ असं विचारलं तर, “मलाही नीट माहीत नाही, आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू,” म्हण. तुला जमत नसेल तर डॉक्टरांना सांगायला लाव. फक्त ओपीडीच्या गर्दीत, दार उघडं असताना नको. वेगळी वेळ मागून घे, मिळते.

ट्रायल हा शब्द मात्र त्यांना समजावावा लागणार नाही. वर्कशॉपमध्ये काम झालेली गाडी ट्रायल मारल्याशिवाय कुणी डेपोला पाठवत नाही. इथे ट्रायल औषधाची घेतात आणि ब्रेक अप्पांच्या पायाखाली असतो. सही केल्यावरही ते कुठल्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडू शकतात, आणि बाहेर पडले म्हणून नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

आता ‘नुसती गोळी’. घरोघरी हा गैरसमज इतका मुरलेला आहे, की ट्रायल म्हणजे अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना साखरेची गोळी देऊन देवाच्या भरवशावर सोडणं. तू पाठवलेल्या फोटोंत तिसऱ्या पानावर बघ. अझासिटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्स दोन्ही गटांना मिळणार आहे. म्हणजे ट्रायलमध्ये न गेल्यास अप्पांना जे मिळालं असतं, ते ट्रायलमध्ये गेल्यावरही मिळणारच. चिठ्ठी फक्त तिसऱ्या औषधाची निघणार. ती डॉक्टरांच्या हातात नसते, कारण डॉक्टर निवडायला लागले की त्यांच्याही नकळत धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे जातात आणि औषध आहे त्यापेक्षा गुणी दिसू लागतं.

ही जोडी आज सर्रास दिली जाते, ती कुठून आली? अशाच एका चिठ्ठीतून. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायले-ए ट्रायलमध्ये ४३१ रुग्ण होते. वय ७५ च्या पुढे किंवा दुसऱ्या आजारांमुळे जोरदार केमो न झेपणारे, अप्पांसारखेच. अझासिटिडीन सगळ्यांना मिळालं. दोन वाटे रुग्णांना जोडीला व्हेनेटोक्लॅक्स, एका वाट्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. नुसत्या अझासिटिडीनवर निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, जोडीवर हाच मधला आकडा १४.७ महिन्यांवर गेला. आजार आटोक्यात येणाऱ्यांचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं.

आकडे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल. मधला आकडा म्हणजे अप्पांची तारीख नव्हे. निम्मी माणसं त्याच्या पुढे जातात, काही बरीच पुढे. पण हे मी गाळलं असतं तर मीही मागच्या जिन्याचीच वाट धरली असती. या वयात, या आजारात आजचं चांगलं औषधही पुरेसं नाही, म्हणून तर तिसरं शोधतायत.

काकांवर चिडू नकोस. गिनिपिग हा शब्द त्यांनी हवेतून आणलेला नाही. आपल्याकडे धड न विचारता ट्रायलमध्ये घातलेल्या गरीब माणसांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली, २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावलं, त्यानंतर नियम आवळले गेले. त्याआधीच्या काळाची तर गोष्टच वेगळी. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका पंडुरोगाचं कारण शोधायला. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचं रक्त सुधारतं, हे तिला दिसलं. त्या अर्कात जे होतं त्याला आपण आज फोलिक ॲसिड म्हणतो. पुढे अमेरिकेत सिडनी फार्बर यांना वाटलं की ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिड दिलं की आजार उलट भडकतो. मग त्याची वाट अडवणारं औषध दिलं तर? ते औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकिगत छापली. १० मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला होता. ल्युकेमिया औषधाने हटतो, हे जगाला तेव्हा कळलं. आज पूर्ण उपचार मिळालेली ल्युकेमियाची बहुतेक मुलं बरी होतात. त्या साखळीची पहिली कडी गिरणीतल्या त्या बायका. त्यांत आपल्या घाटावरच्या, कोकणातल्या किती असतील! आजच्यासारखं संमतीपत्र त्यांच्यासमोर कुणी ठेवलं नव्हतं. अप्पांसमोर ठेवलंय. काकांना हा फरक सांग. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये कोविशील्डच्या ट्रायलची पहिली टोचणी आपल्या पुण्यातच, भारती विद्यापीठाच्या हॉस्पिटलात झाली, तेव्हा टोचून घेणाऱ्यांना कुणी गिनिपिग म्हटलं नव्हतं, हेही आठवून दे. पुणेकर उलट कॉलर ताठ करून सांगत होते.

माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. काही गोष्टी मंगळवारी विचारूनच घे. पहिली पैशाची. तिसरं औषध फुकट आहे हे छापलंय, पण अझासिटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्सचे पैसे कंपनी देणार की तुम्ही, हे वाक्य मला गोलमोल वाटलं. ‘नेहमीचे उपचार नेहमीप्रमाणे’ याचा अर्थ बऱ्याचदा बिल तुमच्या नावावर असा असतो. जास्तीच्या मॅरो तपासण्या, धायरीहून ये-जा करायचं भाडं, ॲडमिट व्हावं लागलं तर त्याचा खर्च, सगळं एकेक करून विचार आणि उत्तर लिहून माग. ट्रायलमध्ये न जायचं ठरलं तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठ आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते बघ.

ट्रायलमुळे इजा झाली तर नियमाप्रमाणे उपचार मोफत करावे लागतात. इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळेच झाला असं ठरलं तर भरपाईही द्यावी लागते. तिच्या सूत्रात वय आणि मूळ आजाराचं गांभीर्य धरतात, त्यामुळे अप्पांच्या बाबतीत फार मोठ्या रकमेची कल्पना करू नका. गंभीर दुष्परिणाम झाला तर डॉक्टरांना तो २४ तासांत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला कळवावा लागतो. शेवटच्या पानावर त्या कमिटीचा फोन नंबर आहे. लोक तो कधीच वापरत नाहीत. कमिटीचा अध्यक्ष हॉस्पिटलबाहेरचा असावा लागतो, निम्मे सदस्यही बाहेरचे, आणि त्यात तुझ्यामाझ्यासारखं एक सामान्य माणूसही असतं. शंका आली तर सरळ फोन लाव. पहिल्या पानावर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या रजिस्ट्रीचा नंबर आहे, तो तिच्या साइटवर टाकून बघायचं काम भावाला दे. २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे बंधनकारक आहे, आणि त्यालाही लांबून काहीतरी केल्याचं समाधान मिळेल.

अप्पांच्या मॅरोचा जनुकीय रिपोर्ट आलाय का, हेही विचार. एएमएल हे एकच नाव असलं तरी आत बरेच वेगवेगळे आजार आहेत आणि काहींवर नेमकी औषधं निघालीत. रिपोर्टमुळे दुसरा चांगला रस्ता दिसणार असेल, तर तो सहीच्या आधी दिसायला हवा. आणि ट्रायलच्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत उपचार किती दिवस लांबणार? अप्पांचे पांढऱ्या पेशींचे काउंट बघता एवढं थांबणं परवडेल का? याचं उत्तर पत्रावरून देता येत नाही, ते डॉक्टरांकडूनच घे.

पपईच्या पानांचा रस आजच बंद कर. गुळवेल, काढे, भस्मं, शेजारणीने आणून दिलेली पावडर, सगळंच. हे मी आयुर्वेदावर राग म्हणून सांगत नाही. व्हेनेटोक्लॅक्स यकृतातून बाहेर पडतं. बुरशीच्या संसर्गावरचं पोसाकोनाझोल सुरू केलं तर ती वाट अडते आणि रक्तात व्हेनेटोक्लॅक्स साठत जातं, म्हणून डॉक्टर त्याचा डोस एकदम खाली आणतात. ग्रेपफ्रूट आणि कमरखसुद्धा त्यासाठीच वर्ज्य. डॉक्टरांना ठाऊक असलेल्या औषधाचा हिशेब करता येतो. वाटीतल्या हिरव्या रसाचा कसा करणार?

ट्रायल असो नसो, पहिले काही आठवडे काउंट पडणार. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, हॉस्पिटल गाठायचं. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं आणि सिंहगड रोडचं ट्रॅफिक तुला मी काय सांगू. एक पिशवी कायम भरलेली ठेव, रात्री गाडी कोण काढणार हे आत्ताच ठरव.

प्लेटलेटचंही असंच. आकडा १८,००० दिसला की घरात रडारड आणि ग्रुपवर ‘अर्जंट एसडीपी डोनर हवा’, म्हणजे प्लेटलेट देणारा एक दाता हवा, असे मेसेज सुरू. १९९७ मध्ये इटलीत एएमएलच्या २५५ रुग्णांवर नेमकं हेच तपासलं. २०,००० खाली आल्यावर प्लेटलेट द्यायच्या की १०,००० पर्यंत थांबायचं? थांबलेल्यांत मोठा रक्तस्राव वाढला नाही आणि प्लेटलेट पाचव्या हिश्शाने कमी लागल्या. म्हणून ताप नाही, रक्त येत नाही अशा रुग्णाला डॉक्टर १०,००० पर्यंत वाट बघतात. ते निष्काळजीपणा करत नसतात. डोनरची यादी मात्र करून ठेव, वर्कशॉपमधल्या जुन्या सोबत्यांची मुलं उपयोगी पडतील.

कोशिंबीर बंद करायची का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारणारच. अमेरिकेत ह्यूस्टनला एएमएलच्या १५३ रुग्णांत पाहिलं, निम्म्यांना फक्त शिजवलेलं आणि निम्म्यांना कच्ची फळं-भाज्याही. गंभीर संसर्गात फरक पडला नाही. अर्थात ते रुग्ण जंतूंपासून जपलेल्या खोल्यांत होते, तेव्हा यावरून भेळेची गाडी सुचवू नकोस. पण तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर स्वच्छ धुऊन, सोलून घरी केलेली काकडीची कोशिंबीर आणि ताजं केळं मिळालं, तर अप्पा दोन घास जास्त खातील.

एक शब्द पुढेमागे तुझ्या कानावर पडेल, पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी. ऐकून हातपाय गाळू नकोस. लोकांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले की तिकडे पाठवतात. एएमएलच्याच १६० रुग्णांवरच्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये, तेही जोरदार केमो घेणाऱ्या रुग्णांत, पहिल्या दिवसापासून पॅलिएटिव्ह टीम जोडीला दिली. त्यांचे दिवस बरे गेले, नैराश्य आणि धास्ती कमी राहिली. तुझ्यापासून जवळच, वारज्याला, सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. ते घरच्यांशीही बोलतात. तुला स्वतःलाच त्याची गरज लागेल, असं पत्र वाचताना वाटलं.

माझं मत विचारशील तर, दोन्ही गटांना चालू उपचार पूर्ण मिळतायत, हॉस्पिटल पुण्यातच आहे, पैशाचं उत्तर समाधानकारक आलं तर मी माझ्या वडिलांना ‘विचार करा’ म्हटलं असतं. यापलीकडे ‘हो’ म्हणून दे असं मी सांगणार नाही. या ट्रायलमध्ये पहिल्या महिन्यात हॉस्पिटलच्या फेऱ्या जास्त आहेत आणि मॅरोही एकदा जास्त काढणार. ७१ वर्षांच्या माणसाने म्हटलं की मला नाही ती सुई परत, तर ते कारण पुरेसं आहे. भावाला फोनवरून ते पटो न पटो.

आणि पालखी. काउंट पडलेले असताना त्या गर्दीत चालणं, दिवेघाट चढणं यंदा जमणार नाही, हे तुम्हाला त्यांना सांगावं लागेल. आजार माहीतच नसलेल्या माणसाला ते कसं सांगणार होतीस? खरं कळलं तर त्यांचे ते ठरवतील. पालखीच्या दिवशी ट्रायलची फेरी येते का, ती दोन दिवस पुढेमागे करता येते का, हे कोऑर्डिनेटरला विचारा. बऱ्याच फेऱ्यांना थोडी मोकळीक ठेवलेली असते, पण कुणी विचारल्याशिवाय आम्ही ती सांगत नसू. गाडीत बसून, मास्क लावून, रस्त्याच्या कडेने लांबून दर्शन घेता येईल का, हे मात्र काउंट बघून डॉक्टरच सांगतील.

फोटो सगळे इंग्रजी प्रतीचे आहेत. मराठी प्रत असावीच लागते, उद्याच फोन करून मागून घे, म्हणजे मंगळवारच्या आधी अप्पांच्या हातात चार दिवस राहील. त्यांना पेन्सिलने खुणा करू दे, जे अडेल ते तेच विचारतील. जाताना त्यांचा चष्मा घ्यायला विसरू नकोस.